विश्लेषण : महात्मा फुले यांना झालेला पक्षाघात आज टाळता आला असता का?

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात झालेल्या सभेत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. वय होते ६१. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला गेला, तो हात उठेनासा झाला. शेवटचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिले.

गावाकडे ज्याला लकवा, अर्धांगवायू किंवा ‘वारं गेलं’ म्हणतात, तोच हा आजार. आज तो बऱ्याच अंशी टाळता येतो. हृदयाच्या ठरावीक आजारांत तर रक्त पातळ करणारी एक गोळी रोज घेतली की धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो. फुले यांच्या काळात ही गोळी नव्हती आणि ती कोणाला द्यायची हे ओळखण्याची साधनेही नव्हती. ही साधने कशी आली आणि बारामती-इंदापूरच्या रुग्णासाठी त्यांचा अर्थ काय, हे फुले यांच्या आयुष्याच्या आधारे समजून घेता येते.

फुले घराण्याचे मूळ कुठले?

फुले यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे मूळ गाव. तिथून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीला आणि पुढे पुण्यात आले. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे फुले हे नाव पडले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. शाळा मध्येच सुटली. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडील गोविंदरावांची समजूत काढली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षी नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले होते.

तरुण वयात त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्ट्याचे शिक्षण घेतले. ही माहिती चरित्रांत सहसा एका ओळीत उरकली जाते, पण आजाराच्या संदर्भात ती महत्त्वाची आहे. पक्षाघात फक्त अशक्त माणसांना होतो ही समजूत आजही आहे. फुले अशक्त नव्हते.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज, हा क्रम बहुतेकांना पाठ असतो. त्याच्या जोडीला त्यांचा कंत्राटदारीचा व्यवसाय होता. खडकवासला धरणासारख्या बांधकामांशी त्यांचा व्यावसायिक संबंध आला. पुणे नगरपालिकेचे ते सदस्यही होते. १८७४ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी एका विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला.

सुपे आणि इंदापूरचा संबंध काय?

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे फोडली आणि कर्जरोखे जाळले. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. इतिहासात ‘डेक्कन रायट्स’ म्हणून नोंद झालेला उठाव इथून सुरू झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. रोख माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता. कर्जाचा पुरावा नष्ट करणे हाच हेतू असल्याचे जागोजागी दिसले.

याची मुळे इंदापूरपर्यंत जातात. ब्रिटिशांची नवी जमीन मोजणी आणि ३० वर्षांच्या मुदतीचा शेतसारा १८३६ मध्ये पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात लागू झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. मुदत संपल्यावर सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव त्याच सुमारास कोसळला होता. सारा भरायला कर्ज, कर्ज फेडायला पुन्हा कर्ज, असा फास बसला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला.

फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच विषय आहेत : वाढता सारा, सावकार, कचेरीतील अडवणूक आणि निरक्षरता. पावसाचे पाणी अडवावे, ताली-बंधारे बांधावेत, जनावरांची पैदास सुधारावी असे उपायही त्यात सुचवले आहेत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी त्याच दशकात बारामती-इंदापूरच्या बाजूला आले. आज त्या पाण्यावर ऊस उभा आहे. सुप्याच्या बाजूची बरीचशी जमीन मात्र अजूनही जिरायतीच.

१८८८ मध्ये नेमके काय घडले?

हे वर्ष फुले यांच्यासाठी धावपळीचे होते. मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला ते मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि तिथेच शेतकऱ्यांच्या स्थितीबद्दल बोलले. मे महिन्यात मुंबईचा सत्कार झाला. जुलैमध्ये झटका आला.

उजवी बाजू गेली, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात होती. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, उजवी बाजू डावी. बहुतेक माणसांत बोलण्या-लिहिण्याची केंद्रेही डाव्या मेंदूत असतात. तरीही वर्षभराच्या आत फुले यांनी पूर्ण पुस्तक लिहिले. त्यावरून त्यांची भाषा आणि विचारशक्ती शाबूत राहिली होती हे स्पष्ट होते.

त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. विश्राम रामजी घोले हे पुण्यातील नामवंत शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक समाजातील सहकारी होते. म्हणजे फुले यांना त्या काळातला चांगला डॉक्टर मिळाला होता. तरीही त्या डॉक्टरच्या हातात फारसे काही नव्हते.

तेव्हाच्या वैद्यकाला काय माहीत होते?

रक्ताची गुठळी एका जागी तयार होऊन प्रवाहाबरोबर दुसरीकडे जाऊन अडकू शकते, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १९व्या शतकाच्या मध्यातच दाखवून दिले होते. नाडी बघता येत होती, स्टेथोस्कोपही होता. पण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र रिव्हा-रोची यांनी इटलीत आणले १८९६ मध्ये. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला १९७१ मध्ये, लंडनला.

ही यादी महत्त्वाची आहे, कारण पक्षाघात दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. बहुसंख्य झटके या प्रकारचे असतात. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात : तोंड वाकडे, हात-पाय लुळा, बोबडी वळलेली. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. गुठळीच्या पक्षाघातात उपयोगी पडणारे औषध रक्तस्रावात जीव घेऊ शकते. सीटी स्कॅनशिवाय फरक सांगता येत नाही आणि १८८८ मध्ये जगातल्या कोणत्याही डॉक्टरला तो सांगता आला नसता. म्हणूनच आजही झटका आल्यावर घरातली ॲस्पिरिन किंवा शेजाऱ्याची रक्त पातळ करणारी गोळी रुग्णाला देऊ नये.

हृदय बिघडले तर मेंदूला झटका का येतो?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी ठरावीक लयीत आकुंचन पावायचे असते. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या आजारात ते नुसते थरथरतात. रक्त पुढे नीट ढकलले जात नाही. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक छोटा कोपरा असतो, त्यात रक्त साचते आणि गोठते. ही गुठळी सुटली की डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरते. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो.

दुसरे कारण आपल्याकडच्या गावांत जास्त ओळखीचे आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, मग बरे वाटते. हा संधिवाताचा ताप काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. झडप अरुंद होते, वरचा कप्पा फुगतो, लय बिघडते. अशा रुग्णात पक्षाघाताचा धोका साध्या एट्रियल फिब्रिलेशनपेक्षाही बराच जास्त असतो आणि हे रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतले असतात. त्यांत महिलांचे प्रमाण मोठे. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांनाही गुठळीचा धोका कायम राहतो.

गोळी कुठून आली?

एका मेलेल्या कालवडीपासून. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गुरे किरकोळ जखमेतून रक्त वाहून मरू लागली. पावसात भिजून बुरशी आलेला ‘स्वीट क्लोव्हर’चा चारा खाल्ल्याने हे होते, एवढे पशुवैद्यकांनी शोधले होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, काही चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात आला. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने त्या चाऱ्यातला घटक वेगळा करायला पुढची सहा वर्षे घेतली. त्यातूनच वॉर्फरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते बाजारात आले ते उंदीर मारायला. १९५४ मध्ये माणसांसाठी मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यानंतर ते देण्यात आले आणि उंदराच्या औषधाबद्दलची लोकांची भीती बरीच ओसरली.

फुले यांचा मृत्यू १८९० चा. म्हणजे गोळी ६४ वर्षे उशिरा आली.

‘रक्त पातळ करणारी’ हे नाव फसवे आहे. रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो. वॉर्फरिन आणि आपल्याकडे जास्त वापरले जाणारे ॲसेनोक्युमेरॉल ही औषधे यकृताला ‘के’ जीवनसत्त्व वापरू देत नाहीत. त्यामुळे गोठण्याला लागणारी प्रथिने कमी बनतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वॉर्फरिन नियमित घेतल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. ॲस्पिरिन हे वेगळ्या प्रकारचे औषध आहे. स्टेंट बसवलेल्याला ते आवश्यक असते, पण एट्रियल फिब्रिलेशनमधल्या गुठळीवर ते पुरेसे नाही. बऱ्याच घरांत ही दोन्ही औषधे एकच समजली जातात आणि गोंधळ तिथेच होतो.

तर मग फुले यांचा झटका टळला असता का?

आज ६१ वर्षांचा माणूस तपासणीला आला, तर सर्वांत आधी रक्तदाब मोजला जाईल, कारण वाढलेला रक्तदाब हे दोन्ही प्रकारच्या पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. मग साखर, ईसीजी, गरज पडल्यास हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको. रक्तदाब सापडला तर त्याची गोळी, लय बिघडलेली सापडली तर रक्त पातळ करणारी गोळी. कारण यांपैकी कोणतेही असते तरी झटका टळण्याची शक्यता खूप वाढली असती. यातली पहिली तपासणी आज गावच्या आरोग्य केंद्रात दोन मिनिटांत होते. ईसीजी, तपासण्या आणि औषधांसाठी बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे.

झडप बदलण्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च ज्या सरकारी योजनेतून होतो, तिचे नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शस्त्रक्रिया होते, पण खरी अडचण त्यानंतर घरी सुरू होते.

गोळी सुरू असलेल्यांनी काय सांभाळायचे?

वॉर्फरिन किंवा ॲसेनोक्युमेरॉल घेणाऱ्याला ठरावीक काळाने ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी करावी लागते. बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये असावा लागतो. धातूची झडप असेल तर कोणती झडप आणि कुठे बसवली आहे त्यानुसार तो वर ठेवतात. आकडा कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. ऊसतोडीच्या हंगामात घर सोडून कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांची ही तपासणी सर्वांत आधी सुटते. जाताना जुना कागद आणि पुरेशा गोळ्या सोबत नेणे आणि मुक्कामाजवळच्या रुग्णालयात तपासणी चालू ठेवणे हाच त्यावरचा मार्ग. तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे चालणाऱ्या वारकऱ्यांनाही हेच लागू आहे.

मेथी, पालक, कोबी बंद करायची गरज नसते. एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे मात्र करू नये, कारण आकडा हलतो. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नसते. अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी किंवा कमरेत सुई घेणे या रुग्णांत धोक्याचे आहे. दवाखान्यात गेल्यावर सर्वांत आधी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे सांगावे. दात काढायचा असेल तरी ती स्वतःहून बंद करू नये. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. वॉर्फरिनसारख्या गोळ्यांनी गर्भाला इजा होऊ शकते, त्यामुळे झडपेचा आजार असलेल्या तरुण महिलांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबान, ॲपिक्सॅबान या नव्या औषधांना आयएनआर लागत नाही. साध्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये आता हीच आधी दिली जातात. पण धातूच्या झडपेच्या रुग्णांना ती चालत नाहीत. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांतही जुनेच औषध सरस ठरते. भारतासह अनेक देशांतल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिव्हरोक्सॅबानपेक्षा जुन्या गोळीवरच्या रुग्णांत मृत्यू कमी आढळले. त्यामुळे दुसऱ्याची महाग गोळी चांगली असेल या समजुतीने बदल करू नये.

आणि झटका आलाच तर १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मालीश, लेप, उतारा यांत गेलेला वेळ परत मिळत नाही.

फुले यांचे शेवटचे २८ महिने कसे गेले?

उजवा हात चालेना म्हणून जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायचा सराव केला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी १ एप्रिल १८८९ ला पूर्ण केले. त्याआधी, ४ फेब्रुवारीला, यशवंतचे लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले गेले. मुलगा अजून शिकत होता, वडील अंथरुणाला खिळलेले.

घरची सारी जबाबदारी सावित्रीबाईंवर आली. कंत्राटाचे दिवस मागे पडले होते, मिळवलेले बरेचसे सामाजिक कामात गेले होते, औषधाचा खर्च चालू होता. मामा परमानंद यांनी १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. आयुष्यभर इतरांच्या कर्जाबद्दल लिहिलेल्या माणसाच्या घरी एका आजाराने ही वेळ आणली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे पुण्यात निधन झाले. मृत्यूनंतर आपल्याला दहन न करता मिठात पुरावे, अशी इच्छा त्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात नोंदवली होती. त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेने वस्तीत परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक १८९१ मध्ये यशवंतने प्रसिद्ध केले. पुढे डॉक्टर झाल्यावर, १८९७ च्या प्लेगमध्ये, त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. तिथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.